अस्सलमधला अ

माझा राग म्हणजे उतू जाणारं दूध. फस्सकन वर येतो, चार भांडी आपटते, समोर असेल त्याला दोन शब्द सुनावते, की बसला खाली. आमच्या वन्संचं तसं नाही. वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. त्यांना राग आलेला दिसतच नाही, म्हणून लोकांना वाटतं, गरीब गाय आहे बिचारी. कॉम्प्युटरच्या दुकानातल्या गोडबोल्यालाही तसंच वाटलं होतं. आता विचारा जाऊन त्याला.

वन्संनी सगळी नोकरी बस स्थानकावरच्या घोषणेच्या खोलीत काढली. एक काचेची खिडकी, एक मायक्रोफोन, एक खुर्ची. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांचा चेहरा माहीत नव्हता, पण आवाज झोपेतून उठवला तरी ओळखला असता. फलाटावर कुणी घड्याळाकडे बघायचंच नाही. 'बाई म्हणाली ना, मग सुटली गाडी,' असं म्हणून लोक पळत सुटायचे. बाजारात त्यांनी बटाट्याचा भाव विचारला की शेजारी उभा असलेला माणूस नकळत पायाशी ठेवलेली पिशवी उचलायचा. ह्यात माझी तिखटमीठ लावलेली एकही गोष्ट नाही, मी बाजूला उभी होते. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "गाडी रद्द झाली." तेही त्याच आवाजात, म्हणजे पुढं कुणी काही विचारायचं नाही.

मी लग्न होऊन घरात आले तेव्हा आधी आम्ही एकमेकींशी बोललो नाही, मग कडाकडा भांडलो, आणि मग एकमेकींशिवाय आमचं पान हलेना. नणंद-भावजयीचं असं गूळपीठ बघून आमच्या ह्यांनाच धास्ती बसली.

निवृत्त झाल्यावर वन्संना आंधळ्यांच्या वाचनालयातून बोलावणं आलं. तिथं लोक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून देतात. तिथल्या बाई म्हणाल्या, "गोष्टी वाचायला सगळे तयार असतात. शब्दकोश कुणी वाचत नाही हो. आमच्या मुलांना एखादा शब्द अडला तर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं." आंधळ्या मुलांबद्दल तोंडाकडे बघावं लागतं म्हणाल्या आणि त्यांच्या त्याच ओशाळल्या. वन्संनी तो जाडजूड शब्दकोश काखोटीला मारला आणि घरी आल्या. अ पासून ज्ञ पर्यंत, प्रत्येक शब्द, त्याची जात, लिंग, अर्थ, सगळं वाचायचं.

"वन्सं," मी म्हटलं, "शेवटी काय होतं ते मला आत्ताच सांगा. मला इतके दिवस धीर धरवणार नाही."

मागच्या खोलीत त्यांनी दाराला जाड गोधडी टांगली, टेबलावर मायक्रोफोन मांडला आणि नमुन्याची काही पानं वाचून पाठवली. वाचनालयातून फोन आला, "मागं पिठाची गिरणी चालू आहे का?" ती गिरणी म्हणजे आमच्या कॉम्प्युटरमधली जुनी हार्ड डिस्क. रेकॉर्डिंग तिच्यावर साठायचं, आणि ती आत गरगर फिरत घरघर करायची. ह्यांनी सांगितलं, "ताई, आता न फिरणारी डिस्क मिळते, एसएसडी म्हणतात. आत हलणारं काही नसतं, म्हणून आवाज नाही."

म्हणून आम्ही दोघी गोडबोल्याच्या दुकानात गेलो. खरं नाव काही का असेना, सगळं गाव त्याला गोडबोल्याच म्हणतं. वन्संनी तोंड उघडलं मात्र, तो खुर्चीतून उठलाच. "ताई! तुम्ही? तुमच्या आवाजावर मी लहानाचा मोठा झालो!" पंखा आमच्याकडे वळवला, चहा मागवला. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

त्यानं काचेवर तीन वस्तू मांडल्या. एक च्युइंगगमच्या पट्टीएवढी. ती तुमच्या जुन्या कॉम्प्युटरला बसणार नाही म्हणून लगेच उचलून ठेवली. उरल्या दोन, दोन्ही चपट्या डब्या. एक साधी, काळी, नावाजलेल्या कंपनीची. दुसरी चकचकीत, कंपनीचं नाव कधी न ऐकलेलं, आणि जागा मात्र पहिलीच्या कितीतरी पट.

"मी काही सांगत नाही," गोडबोल्या म्हणाला. "तुम्हीच हातात घेऊन बघा. ही हलकी आहे, ही भारी आहे."

आता बघा, आमची भाषाच अशी. जे वजनाला कमी ते हलकं, आणि जो माल वाईट तोही हलकाच. जे जड ते भारी, आणि जे झकास तेही भारीच. आमच्या सासूबाईंनी जन्मभर कढई घेतली, कुलूप घेतलं, नळाची तोटी घेतली, सगळं तळहातावर तोलून. 'हलकं ते हलकंच,' असं त्यांचं ठरलेलं. वन्सं त्यांच्याच लेक. त्यांनी दोन हातांवर दोन डब्या घेतल्या, डोळे मिटले, आणि चकचकीत डबीचा हात खाली गेला. मी पण तोलून बघितली आणि म्हटलं, "हीच घ्या. त्या काळ्या डबीत तर काही दमच नाही." मेल्यानं एक अक्षर खोटं उच्चारलं नव्हतं. एक हलकी होती, एक भारी होती.

मग त्यानं ती जोडून दाखवली. पडद्यावर भलामोठा आकडा आला. वन्संनी विचारलं, दुसरीकडे एक प्रत ठेवायला हवी का? तो हसला. "ताई, ह्यात फिरणारंच काही नाही, तर बिघडणार काय? प्रतबित विसरा. जन्मभर भरत बसलात तरी भरायची नाही."

निघताना म्हणाला, "एक विनंती होती. दुकानासाठी दोन वाक्यं तुमच्या आवाजात मिळाली तर माझं नशीब उघडेल." चहा प्यायलेला माणूस नाही कसं म्हणणार? वन्संनी तिथल्या तिथं बोलून दिलं. 'या, बघा, मग घ्या. अस्सल माल. विश्वासाचं एकच दुकान.' दुसऱ्या दिवसापासून त्याच्या दाराशी कर्णा लागला आणि रस्त्यावर दिवसभर वन्सं बोलू लागल्या. लोक थांबायचे. बाई म्हणाली म्हणजे अस्सलच असणार.

इकडे वन्सं वाचत होत्या. गोधडीच्या अलीकडं मी कपड्यांच्या घड्या घालत बसायची आणि पलीकडून शब्द यायचे. क झाला, ख झाला. मला घरबसल्या इतके शब्द कळले की भांडणात शेजारीण मला हरवेना. प, फ च्या सुमारास वन्संचा घसा बसायला लागला. म पर्यंत खाकरत वाचलं. डॉक्टरांनी आत नळी घालून बघितलं आणि सांगितलं, गाठ आहे, काढायलाच हवी. जीव वाचेल. आवाजाचं मात्र काही सांगता येत नाही.

"किती दिवस लांबवता येईल?" वन्संनी विचारलं.

"लांबवू नका."

"व चालू आहे हो," वन्सं म्हणाल्या. डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी डॉक्टरांशीच भांडले. थोडी मुदत मिळाली. मग त्या बाईनं गरम पाण्याचे घोट घेत घेत श, ष, स, ह वाचला. दुखायचं तेव्हा थांबायची, टेबल धरायची, पुन्हा सुरू. एके संध्याकाळी गोधडी बाजूला सारून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "झालं गं वहिनी, ज्ञ संपला. चहा टाक." त्या आवाजात मी ऐकलेलं हे शेवटचं वाक्य.

ऑपरेशननंतर उरली ती नुसती हवा. फुग्याची गाठ सैल झाल्यावर येते तशी. वन्सं रडल्या नाहीत. पाटीवर लिहून दाखवलं, 'सगळं वाचून झालंय ना, मग गेला तर गेला.' बरं वाटल्यावर वाचनालयाला देण्याआधी एकदा ऐकून बघू म्हणून त्यांनी पहिली फाइल उघडली. वर नाव होतं 'अंक'. आतून त्यांचा आवाज आला, "शंका. नाम, स्त्रीलिंग."

वन्संनी बंद करून पुन्हा उघडली. पुन्हा शंका. त्यांनी 'आई' उघडली. आतून आलं, "सूड. नाम, पुल्लिंग."

संध्याकाळी ह्यांनी ती चकचकीत डबी सुरीनं उघडली. आत मोबाइलमध्ये घालतात तसलं नखाएवढं मेमरी कार्ड चिकटवलेलं आणि त्याच्या शेजारी लोखंडाची एक पट्टी. वजनासाठी. ते कार्ड होतं लहानसं, पण आपण अवाढव्य आहोत असं कॉम्प्युटरला खोटं सांगायला शिकवलेलं. व पर्यंत ते भरलं. मग जागा संपल्याचं सांगायच्या ऐवजी ते गुपचूप पहिल्या पानावर गेलं आणि अ वरच श लिहायला लागलं. फाइलींची नावं सगळी जागच्या जागी. अ पासून औ पर्यंतचा एकही शब्द राहिला नव्हता. आणि ते पुन्हा वाचणार कोण? मी त्या दिवशी घरातली एकही वस्तू आपटली नाही. इतका राग मला आधी कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती उघडी डबी गोडबोल्याच्या काचेवर ठेवली. दुकानात गिऱ्हाइकं होती. मी तोंडाचा पट्टा सोडला. तो शांतपणे ऐकत राहिला, हसतमुखानं, आणि मग गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाला, "मी दोन्ही पुढं ठेवल्या होत्या. वजन करून ह्यांनीच निवडली. मी म्हटलं होतं का हीच घ्या?"

वन्संनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. हवा आली. तो पुढं वाकला, कानाशी हात नेला आणि म्हणाला, "काय म्हणता ताई? जरा मोठ्यानं?"

दोघं-तिघं हसले. आणि तेवढ्यात दारावरचा कर्णा बोलला, वन्संच्याच आवाजात, खणखणीत: "अस्सल माल. विश्वासाचं एकच दुकान." गिऱ्हाइकांनी आमच्याकडे असं बघितलं की आम्हीच चोर. मी त्याच्या अंगावर जाणार होते. वन्संनी एका हातानं डबी उचलली, दुसऱ्यानं माझं मनगट धरलं. त्या कर्ण्याकडे बघत होत्या. रस्त्यात त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं आणि त्या हवेतच कुजबुजल्या, "वहिनी, माझा शेवटचा अ त्याच्याकडे आहे."

घरी हे म्हणाले, "जाऊ दे ना ताई. त्याचं पाप त्याच्यापाशी."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. "पाप त्याच्यापाशी राहिलं असतं तर काय हवं होतं? त्याचा कर्णा लावलाय त्यानं."

उरलेले शब्द हलवायला नवी डिस्क घ्यायची होती. ह्या वेळी वन्सं लांबच्या दुकानात गेल्या. चकाकी बघितली नाही, आकडा बघितला नाही. कंपनी कोणती, हमी किती वर्षांची, बिघडली तर बदलून कोण देणार, एवढं पाटीवर लिहून विचारलं. दुकानदारानं एक साधी काळी डबी हातावर ठेवली. माझ्या तोंडून गेलंच, "अगंबाई, किती हलकी!" वन्संनी माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली. घरी आणून त्यांनी ती आधी फालतू फाइलींनी काठोकाठ भरली, मग पहिल्यापासून शेवटपर्यंत परत वाचून बघितली. सगळं जसंच्या तसं निघालं, तेव्हा कुठं क ला आत घेतलं. आणि एक प्रत वाचनालयात.

पुढं पावसाळा गेला, थंडी गेली. मी विसरले नव्हते, पण माझा राग थोडा खाली बसला होता, खोटं कशाला बोलू. आणि एक दिवस दारात गोडबोल्या उभा! हातात फुलं.

"ताई, झालं गेलं सोडून द्या. चौकात मोठं दुकान काढतोय. उद्घाटनाला सगळी वजनदार माणसं येणार. जाहिरात तुमच्याच आवाजात हवी, लोकांना दुसरा पटतच नाही. आता बोलणं होत नाही, माहितेय मला. पण शब्दकोश आहे की तुमच्याकडे! सुटे सुटे शब्द जोडून द्या. जुनी जाहिरात ह्यात आणलीय, ती पण घ्या."

अशा माणसाला काय म्हणावं? मी दारामागचा खराटा उचलला. वन्संनी तो माझ्या हातातून काढून घेतला, गोडबोल्याच्या हातातला पेनड्राइव्ह घेतला, आणि मान डोलावली. वर हसल्या! मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. जेवायला वाढलं ते ताट आपटून.

दुसऱ्या दिवशी गोधडीपलीकडून आवाज यायला लागले. वन्संचा जुना आवाज. "अस्सल. अस्सल. अ." मी घडी घालायची थांबले. "अ. स्सल. अ." आणि मग सावकाश, "अ. विश्वासाचं. अविश्वासाचं."

मी गोधडी बाजूला केली. वन्संनी मागं वळून बघितलं. त्यांचे डोळे असे चमकत होते की मला जरा भीतीच वाटली. पाटीवर त्यांनी लिहिलं, 'अस्सलमधला अ काढला की काय उरतं?'

"सल," मी म्हटलं.

मग मी त्यांना चहा करून दिला आणि शेजारी बसून शब्द शोधू लागले. अडचण एकच. जाहिरातीतल्या 'एकच'मधला ए सोडला तर स्वरांपैकी हातात तो एकटा अ. 'उघडा' म्हणता येईना, 'आत' म्हणता येईना, 'इमान' तर चोरीलाच गेलेलं. क पासून पुढं जे मिळेल त्यात भागवायचं. वन्सं म्हणाल्या, म्हणजे पुटपुटल्या, "भागेल. पुष्कळ आहे."

तयार झालेलं रेकॉर्डिंग वन्संनी त्याच चकचकीत डबीत घातलं, लोखंडासकट, आणि झाकण चिकटवून गोडबोल्याला नेऊन दिलं. त्यानं डबीकडे बघितलं, ओळखली, आणि मिश्कील हसला. त्याला वाटलं, म्हातारीनं समेट केला. लावून बघितलं. "या, बघा, मग घ्या. नवं दुकान. भारी माल. विश्वासाचं एकच दुकान." गोड, खणखणीत. "वा!" म्हणाला आणि बंद केलं. शेवटपर्यंत ऐकलं नाही. सुरुवातीला चालतंय म्हणजे चालतंय, हे तो गिऱ्हाइकांना सांगत आला होता, आणि सांगून सांगून त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

उद्घाटनाला चौक भरला होता. बाहेर चार कर्णे. आम्ही दोघी समोरच्या फुटपाथवर. बराच वेळ गोड गोडच चाललं. पुढारी आले, फीत कापली, टाळ्या झाल्या. गोडबोल्या चकचकीत डब्या पाहुण्यांच्या हातात देत होता, "बघा साहेब, वजन बघा!"

मग कर्णे क्षणभर थांबले, आणि बस स्थानकावरचा तो सूर आला. "कृपया लक्ष देणे."

चौकातला एक न एक माणूस गप्प झाला. वर्षानुवर्षांची सवय.

"अविश्वासाचं एकच दुकान. भारी: विशेषण. वजनाने जड. झाकण काढणे. लोखंड बघणे. लोखंड: नाम, नपुंसकलिंग. फसवणूक: नाम, स्त्रीलिंग. चोर: नाम, पुल्लिंग. कृपया लक्ष देणे. झाकण काढणे."

एका जाड्या पाहुण्यानं खिशातली किल्ली काढली आणि हातातल्या डबीच्या फटीत घातली. गोडबोल्या त्याचा हात धरायला धावला, तेवढ्यात पट्टी काचेवर पडली. टण्णकन. मग सगळ्यांनीच किल्ल्या काढल्या.

"बंद करा!" गोडबोल्या ओरडत होता. मग त्याला आम्ही दिसलो. "हिनं केलंय! हा आवाज हिचा नाही! विचारा हिला, हिला आवाजच नाहीये!"

गर्दी वन्संकडे वळली. गर्दीतल्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं टोपी काढली. "बाई," तो म्हणाला, "तुम्हीच ना? बोला की."

वन्संनी तोंड उघडलं. हवा आली. तेवढंच. आणि डोक्यावर चारही कर्ण्यांतून त्यांचाच आवाज सांगत होता, "कृपया लक्ष देणे." मला रडू फुटलं, आणि रडता रडता मी गोडबोल्याच्या कुळाचा उद्धार केला, तो इथं लिहीत नाही. ड्रायव्हरनं टोपी परत घातली आणि दुकानाच्या पायऱ्या चढला. त्याच्यामागून बाकीचे.

नवं दुकान त्या दिवशी उघडलं आणि त्या आठवड्यात बंद झालं. जुन्या दुकानासमोर लोक उघड्या डब्या घेऊन उभे राहायला लागले, मग तेही गेलं. गाव सोडायच्या आधी तो एकदा आमच्याकडे आला. ह्या वेळी फुलं नव्हती. "ताई," म्हणाला, "लोकांना काहीतरी सांगा. बायको-मुलं घेऊन कुठं जाऊ? तुमच्या शब्दकोशात क्षमा असेल ना?"

वन्सं वाकल्या, त्यानं दुकानात हात नेला होता त्याच कानाशी. "आहे," त्या म्हणाल्या. "पण ती मी तुझ्यासाठी वाचली नव्हती." आणि दार लावलं. आमचे हे दिवसभर हळहळत होते. मी नाही.

शब्दकोशाचा अ ते औ आता मी वाचला. दुसरं कुणी नाही म्हणून. माझा आवाज फाटका, वाचनालयातल्या बाईंनी आधी नाक मुरडलंच असणार. वन्सं शेजारी बसायच्या, चुकलं की मांडीवर चापट मारायच्या. त्यांचा तो एकटा अ मात्र त्यांनी जपून ठेवला होता. मी म्हटलं, "वन्सं, तो एका शब्दाला तरी लावू. निदान तेवढा तुमचा राहील. अक्षरला लावू? अमृतला?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पानं मागं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

मी पुढचं अर्धं म्हटलं, त्यांनी अ जोडला. मुलांनी तो शब्द उघडला की आधी वन्संचा अ येतो, बस स्थानकावरचा, आणि त्याला चिकटून माझा फाटका आवाज: "अद्दल. नाम, स्त्रीलिंग. कायमची आठवण राहील अशी शिक्षा."